अवघड जागेचा बोल्ट

मोटारीच्या इंजिनातला एखादा बोल्ट दिसतो, बोटाला लागतो, पण पान्याला काही सापडत नाही. तिथे मनगटातला जोर कामाला येत नाही, कामाला येतो तो नेमका पाना. हा पाना ओळखायचा कसा, शोधायचा कुठे आणि नाहीच मिळाला तर काय करायचे?

'अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण मोटारीलाही चपखल लागू पडते. गाडी गॅरेजमध्ये जाते ती स्टार्टर बदलण्यासारख्या साध्या कामासाठी. तासा-दोन तासांचे काम, संध्याकाळी गाडी परत, असा सगळा हिशेब असतो. पण संध्याकाळी निरोप येतो, 'साहेब, एक बोल्ट निघत नाही.' दुसऱ्या दिवशी कळते की बोल्टचे डोके गोल झाले. तिसऱ्या दिवशी तो बोल्ट मुळातून तुटलेला असतो आणि त्याचा उरलेला तुकडा काढायला लेथवाल्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नसते. बिल तिप्पट होते, सुट्टीचा बेत रद्द होतो. मालकाला वाटते मेकॅनिकने गंडवले. मेकॅनिकला वाटते गाडीच गंजलेली होती. पुष्कळदा या दोघांचेही चुकलेले नसते. चुकलेले असते ते एवढेच, की त्या एका बोल्टसाठी लागणारा पाना वेळेला हाताशी नव्हता, म्हणून 'जवळपास बसणारा' पाना लावला गेला.

इंजिन आडवे झाले आणि वाट बंद झाली

जुन्या अॅम्बॅसेडरचे बॉनेट ज्यांनी उघडून पाहिले आहे, त्यांना आत किती ऐसपैस जागा होती ते आठवत असेल. इंजिन गाडीच्या लांबीला धरून उभे बसवलेले, त्याच्या दोन्ही अंगांना हात घालायला मोकळी जागा. रस्त्यात गाडी बंद पडली तर चार पाने आणि एक पक्कड यांवर काम भागून जाई.

१९५९ साली इंग्लंडमध्ये अॅलेक इसिगोनिस या अभियंत्याने 'मिनी' ही छोटी गाडी तयार केली. तिच्यात त्याने इंजिन आडवे बसवले आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. गाडी लहान असूनही आत माणसांना जागा भरपूर मिळाली. ही युक्ती पुढे जगभर पसरली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चे इंजिनही असेच आडवे होते. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांची हीच रचना आहे.

माणसांना मिळालेली ही जागा इंजिनाच्या खोलीतूनच काढून घेतलेली होती. आडव्या इंजिनाची एक बाजू चालकाच्या पुढच्या पत्र्याला जवळजवळ चिकटते. पुढे वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर आला, पॉवर स्टिअरिंग आले, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. प्रत्येकाने आपापली नळी, आपापली तार आणि आपापला कंस आणला. बोल्ट होते तिथेच राहिले, त्यांच्याकडे जाणारी वाट मात्र बुजली. स्टार्टरचा वरचा बोल्ट, आल्टरनेटरचा खालचा बोल्ट, एक्झॉस्टच्या खालच्या रांगेतले नट, कार्ब्युरेटरच्या बुडाचे नट आणि गिअरबॉक्स इंजिनाला जिथे जोडतात तिथले माथ्यावरचे बोल्ट ही मेकॅनिक मंडळींची ठरलेली डोकेदुखी आहे.

आधी माप, मग पाना

बोल्ट खराब होण्याचे पहिले कारण जागेचे नसून मापाचे असते. आपल्या देशात तर मापांचा चांगलाच घोळ झालेला आहे. अॅम्बॅसेडर ही मूळची ब्रिटिश गाडी, त्यामुळे तिच्या जुन्या इंजिनांचे बोल्ट बहुतांशी इंची. फियाट आणि तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी इटालियन वळणाची, म्हणून मिलिमीटरची. त्याहून जुन्या ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ मापाचे बोल्ट सापडतात. त्यांच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या डोक्याची रुंदी न सांगता बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. म्हणजे पान्यावर पाव इंच लिहिलेले असले तरी त्याचे तोंड अर्ध्या इंचाहून थोडे मोठे असते.

काही इंची आणि मिलिमीटर मापे इतकी जवळ आहेत की मोह होतो. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे १९ चा पाना बसला तर फारसे बिघडत नाही. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना चढतो, थोडासा खुळखुळतो आणि बोल्ट सैल असेल तर निघूनही येतो. बोल्ट घट्ट असेल तर मात्र तो ०.३ मिलिमीटरचा फरक पुरतो आणि कंगोरे झडतात.

मिलिमीटरमध्येही दोन घराणी आहेत. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे डोके जपानी गाड्यांवर बहुधा १२ चे असते, तर युरोपीय गाड्यांवर १३ चे. १० मिलिमीटरच्या बोल्टला जपानी गाडीवर १४ चा पाना लागतो; युरोपीय गाडीवर १६ किंवा १७ चा. म्हणूनच सुझुकीच्या इंजिनावर वाढलेल्या मेकॅनिकच्या पेटीत १३ चा पाना हरवला तरी महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही आणि एखादी युरोपीय गाडी आली की त्याचे अडते.

आता बोल्टच्या डोक्याचा आकारही बदलला आहे. षटकोनी खाच असलेल्या बोल्टला एलन की लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण १९६७ साली अमेरिकेत आलेला 'टॉर्क्स' नावाचा सहा पाकळ्यांचा तारा आता सर्वत्र आढळतो. त्याच्या खाचेला टी-३०, टी-४० असे क्रमांक असतात. ताऱ्याचा आकार बोल्टच्या बाहेरच्या अंगाला असेल तर ई-१०, ई-१२ असे सॉकेट लागते. काही जर्मन गाड्यांच्या सिलिंडर हेडवर बारा दातांची खाच असते. या खाचांमध्ये एलन की ठोकून बसवणे म्हणजे चांगल्या कुलपात चुकीची किल्ली फिरवणे. किल्ली तर फिरत नाहीच, कुलूपही कामातून जाते.

कोणत्या अडचणीला कोणता पाना?

सॉकेट, म्हणजे उत्तर भारतातल्या गॅरेजांत ज्याला 'गोटी' म्हणतात ते, आणि त्याची सुटी मूठ ही कल्पना आज साधी वाटते. १९२० साली अमेरिकेत जोसेफ जॉन्सन याने दहा सॉकेट आणि पाच मुठी अशी अदलाबदल करता येणारी पेटी बाजारात आणण्याची कल्पना मांडली आणि पाचांत पन्नासांचे काम होईल, असे सांगितले. 'स्नॅप-ऑन' ही कंपनी त्यातूनच उभी राहिली. आज अवघड जागेसाठी जी हत्यारे मिळतात, ती बहुतेक याच कल्पनेची लेकरे आहेत. नावे पाठ करण्यापेक्षा अडचण ओळखली की हत्यार आपोआप सुचते.

बोल्ट खोल असेल तर एक्स्टेन्शन रॉड. तो १०-१५ सेंटिमीटरपासून हातभर लांबीपर्यंत मिळतो. पुष्कळदा बोल्ट जवळून काढण्यापेक्षा लांबून काढणे सोपे असते. जीप किंवा अॅम्बॅसेडरच्या गिअरबॉक्सच्या माथ्यावरचा बोल्ट वरून हात घालून सुटत नाही; पण गाडीखाली शिरून, गिअरबॉक्सच्या मागून लांब रॉड पुढे नेला की सॉकेट नीट त्याच्यावर जाऊन बसते.

वाट वाकडी असेल तर युनिव्हर्सल जॉइंट. पण कोन जितका मोठा तितका जॉइंट डगमगतो आणि सॉकेट निसटते. थोडासाच कल हवा असेल तर टोकाशी किंचित झुकणारा 'वॉबल' रॉड जास्त भरवशाचा.

नटामधून लांब स्टड बाहेर आलेला असेल तर साधे सॉकेट नटापर्यंत पोचतच नाही. तिथे खोल सॉकेट हवे, किंवा आरपार पोकळ असलेले.

वरून सॉकेट लावायला जागाच नसेल, फक्त बाजूने शिरता येत असेल, तर 'क्रो फूट' म्हणजे कावळ्याच्या पायासारखे दिसणारे तोंड. पान्याचे नुसते तोंडच कापून एक्स्टेन्शन रॉडला लावावे, तसे हे दिसते. नळीच्या टोकाच्या नटासाठी याच जातीचे, रिंगला फट ठेवलेले तोंड मिळते. ते नट चहूबाजूंनी धरते आणि नळीही फटीतून आत जाते. ब्रेकच्या नळ्यांना हेच वापरावे. तिथे साधा फिक्स पाना लावून नट गोल केला की नळीही बदलावी लागते.

मध्ये एखादा भाग आडवा येत असेल तर अर्धचंद्राकृती रिंग पाना. स्टार्टर आणि एक्झॉस्टच्या नटांसाठीच तो जन्माला आला आहे. तो अडथळ्याला वळसा घालून मागच्या नटाला धरतो.

मूठ फिरवायला जागा नसेल तर जास्त दातांचे रॅचेट. इथे थोडे गणित कामाला येते. २४ दातांच्या रॅचेटची मूठ दर खेपेस निदान १५ अंश फिरावी लागते, ७२ दातांच्या रॅचेटची अवघी ५ अंश. मूठ २० सेंटिमीटर लांब असेल तर पहिलीला टोकाशी पाच सेंटिमीटरहून अधिक जागा लागते, दुसरीला पावणेदोन सेंटिमीटर पुरते. आडव्या इंजिनामागे एवढ्याच फरकावर काम होते किंवा अडते. महाग रॅचेट नसेल तर साध्या फिक्स पान्यातही एक खुबी आहे. त्याचे तोंड मुद्दामच १५ अंशांनी तिरके असते. थोडा फिरवून पाना उलटा केला की तोच पाना ३० अंशांच्या जागेत काम करतो. ही गोष्ट पुष्कळ शिकाऊ पोरांना कोणी सांगतच नाही.

सॉकेट एका हाताने सोडवता येणे, ही अवघड जागेत मोठीच सोय. मागच्या बटणाने सॉकेट सोडणारे रॅचेट पीटर रॉबर्ट्स नावाच्या अमेरिकन तरुणाने शोधले. तो सीअर्स या मोठ्या दुकानात विक्रेता होता. १९६५ साली त्याला पेटंट मिळाले. कंपनीने त्याला दहा हजार डॉलर देऊन हक्क घेतले आणि अशी रॅचेटे लाखोंनी विकली. शोधाची खरी किंमत आपल्यापासून लपवली, म्हणून तो कोर्टात गेला. वीस वर्षांच्या लढाईनंतर १९८९ मध्ये ८२ लाख डॉलरवर तडजोड झाली. एका बटणाची किंमत काय असू शकते, हे त्यावरून कळते.

काही सॉकेटे एकाच कामापुरती असतात. स्पार्क प्लगच्या सॉकेटमध्ये आत रबर असते, ते प्लगची चिनी माती सांभाळते आणि खोल विहिरीतून प्लग वर उचलून आणते. ऑक्सिजन सेन्सरचे सॉकेट बहुधा २२ मिलिमीटरचे आणि बाजूने उभे चिरलेले असते. त्या फटीतून सेन्सरची तार बाहेर राहते. २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर नव्या पेट्रोल गाड्यांसाठी हे सॉकेट गॅरेजमध्ये हवेच.

आणि एक सर्वसाधारण नियम. गंजलेल्या बोल्टवर बारा कोनी सॉकेट लावू नये. ते पटकन बसते खरे, पण कंगोऱ्यांच्या टोकापाशीच धरते. सहा कोनी सॉकेट बोल्टच्या सपाट बाजूंवर जोर देते.

शोध कुठे घ्यावा?

चांगली हत्यारे परदेशातूनच येतात, हा समज खरा नाही. नाशिकच्या सातपूरमधील टपारिया टूल्सने स्वीडिश तंत्रज्ञानाच्या साहाय्याने १९६९ मध्ये उत्पादन सुरू केले आणि तिचे पाने देशभरातल्या पेट्यांत दिसतात. पंजाबात जालंधर आणि लुधियाना, राजस्थानात नागौर ही हातहत्यारांची मोठी केंद्रे आहेत.

खरेदीसाठी मुंबईची नागदेवी स्ट्रीट प्रसिद्ध आहे. दिल्लीत काश्मिरी गेट, कोलकात्यात मलिक बाजार आणि चेन्नईत पुदुपेट हे मोटारींच्या सुट्या भागांचे जुने बाजार. तिथे गाडीचे नाव सांगितले की कोणता पाना लागतो हे सांगणारी माणसे भेटतात. इंची पाने अजून नवे मिळतात. व्हिटवर्थ मापाचे मात्र बहुधा पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणीच धुंडाळावे लागतात. आता घरबसल्या मागवण्याचीही सोय आहे. मात्र मागवण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: बोल्टच्या डोक्याचे माप, डोक्याचा आकार आणि सॉकेटच्या मागच्या चौकोनी भोकाचे माप. हे भोक पाव इंच, तीन अष्टमांश इंच किंवा अर्धा इंच असते. अरुंद जागेत तीन अष्टमांश सगळ्यात सोयीचे. अर्ध्या इंचाची मूठ ताकदवान, पण तिचे डोके मोठे.

विकत घेताना सॉकेटची भिंत पाहावी. अवघड जागेत भिंत पातळ हवी, पण पातळ भिंतीला चांगले पोलाद लागते. 'क्रोम व्हॅनेडियम' हे शब्द कोणीही कोरू शकतो. म्हणून बनवणाऱ्याचे नाव आणि माप स्वच्छ कोरले आहे का, आतले कोन सारखे आहेत का, हे पाहावे. जुन्या बाजारात घेताना भिंतीला केसाएवढी चीर नाही ना, ते उजेडात फिरवून तपासावे. हवेच्या बंदुकीवर चकचकीत क्रोमची सॉकेटे लावू नयेत, ती फुटून तुकडे उडू शकतात. तिच्यासाठी काळी, जाड सॉकेटे वेगळी मिळतात.

वस्तादाच्या पेटीतला वाकडा पाना

कोणत्याही जुन्या वस्तादाची पेटी उघडली की तळाशी दोन-चार विचित्र पाने सापडतात. कोणाचे शेपूट कापलेले, कोणाला गॅसवर तापवून वाकवलेले, कोणाला सळई वेल्डिंग केलेली. दुकानात न मिळालेला पाना असा घरीच घडतो. यात कमीपणा काहीच नाही. मात्र त्यालाही नियम आहेत. चांगला पाना तापवला की त्याचे पाणी उतरते आणि तो मऊ पडतो, म्हणून यासाठी स्वस्तातला जादा पाना वापरावा. घासून पातळ करताना वारंवार पाण्यात बुडवावा. पोलादावर निळी झाक आली म्हणजे ते जास्त तापले. आणि असा पाना त्याच एका कामासाठी ठेवावा, जोराच्या कामाला काढू नये.

एकट्याने गॅरेज चालवणाऱ्या मेकॅनिकला प्रत्येक गाडीचे खास हत्यार घेणे परवडत नाही, हेही खरे. एका वस्तीतल्या चार गॅरेजवाल्यांनी अशी हत्यारे वाटून घेतली आणि एकमेकांना दिली, तर चौघांचेही भागते.

आधी वाट, मग जोर

बोल्टला हात लावण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. स्टार्टरजवळ एकाच वेळी तारेला आणि पत्र्याला पाना टेकला तर ठिणग्या उडतात आणि हात भाजतो. इंजिन थंड होऊ द्यावे. अॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग गरम असताना काढले तर आटे सोलून येण्याची भीती असते.

गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच टाकावे. बोल्ट सोडण्याआधी किंचित आवळून पाहावा. पुष्कळदा त्यानेच गंज मोडतो. जे आड येते ते बाजूला काढण्याचा कंटाळा करू नये. एअर फिल्टरची पेटी काढायला दहा मिनिटे लागतात, तुटलेला स्टड काढायला दिवस जातो. पाना आपल्याकडे ओढावा, ढकलू नये; ढकलावाच लागला तर मूठ न आवळता उघड्या तळव्याने ढकलावा, म्हणजे निसटल्यावर बोटांची सालटी निघत नाहीत. रॅचेटच्या मुठीला पाइप लावून जोर करू नये.

बोल्ट परत बसवताना खरी परीक्षा असते. पहिले दोन-तीन आटे हातानेच फिरले पाहिजेत. बोट पोचत नसेल तर बोल्ट पडू नये म्हणून सॉकेटमध्ये कागदाचा कपटा दाबून बसवावा. खोलातला प्लग बसवायला त्याच्या माथ्यावर रबरी नळीचा तुकडा लावून फिरवावे. आटे चुकीचे लागले तर नळी आपोआप घसरते.

शेवटी टॉर्क रेंच. हेडचे बोल्ट नेमके किती आवळायचे, हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. टॉर्क रेंचला क्रो फूट सरळ पुढे लावला की मुठीची लांबी वाढते आणि बोल्ट जास्त आवळला जातो. रेंच ३० सेंटिमीटर आणि क्रो फूट ३ सेंटिमीटर असेल, तर बोल्टला ४४ न्यूटन-मीटर देण्यासाठी रेंचवर ४० लावावे. क्रो फूट काटकोनात लावला तर मात्र हा फरक पडत नाही.

गाडीमालकाला स्वतः पाना धरायचा नसला तरी हे ठाऊक असलेले बरे. गाडी सोपवताना 'किती घ्याल?' या प्रश्नाआधी 'याचा पाना आहे ना तुमच्याकडे?' एवढे विचारावे. नसेल तर तो मागवण्यासाठी दोन दिवस द्यावेत आणि त्या खर्चाला कुरकुर करू नये. एका सॉकेटचे पैसे तुटलेल्या स्टडच्या बिलापुढे काहीच नसतात. घाई बहुधा मालकाची असते आणि त्या घाईपोटीच मेकॅनिक हाताशी असेल तो पाना उचलतो. दोन दिवस थांबण्याची तयारी मालकाने दाखवली, तर बोल्ट शाबूत निघतो, मेकॅनिकचा हात सलामत राहतो आणि दोघांमधला विश्वासही टिकतो.